ओपन सोर्सवाल्यांना मोठ्या कंपन्या का घेतात, कसं घेतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन आला की माझ्या इनबॉक्सला पूर येतो. प्रश्न तेच, फक्त विचारणारी पोरं नवीन. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हे पुढे ढकलायचं आणि आपण चहाला मोकळे. मी पुण्यात बसून काम करतो, पगार कंपनी देते, कोड सगळ्यांचा असतो (ओपन सोर्स म्हणजे हेच, कोड कुणीही बघावा, वापरावा, बदलावा). एवढी ओळख पुरे.

कोड फुकटच मिळतोय ना, मग कंपनी तो लिहिणाऱ्याला पगार कशाला देते?

कोड फुकट आहे रे, बदल फुकट नाहीये. समज एका कंपनीचे लाखो सर्व्हर लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात आणि तिला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एक छोटा बदल हवाय. ती काय करू शकते, तर कोडची आपली कॉपी काढून त्यात बदल करून गप्प बसू शकते. पण दर नऊ-दहा आठवड्यांनी नवीन कर्नल येतो आणि दर वेळी आपलं ठिगळ उसवून परत नव्याने शिवायचं, दोन वर्षांत पाचाची पन्नास ठिगळं होतात आणि मग एक अख्खी टीम नुसती शिवणकामालाच लागते. त्यापेक्षा तो बदल मूळ प्रोजेक्टमध्येच घुसवला की काम संपलं, पुढचं सगळं जग मिळून सांभाळतं.

आता तो घुसवायचा कसा? तिथे मेंटेनर, म्हणजे कुठला बदल आत घ्यायचा ते ठरवणारे राखणदार, बसलेले असतात आणि ते कुणाच्या बापाला ऐकत नाहीत, कंपनीचं नाव बघून तर नाहीच नाही. ते ऐकतात ज्याचं काम त्यांनी पाच-सात वर्षं बघितलंय त्याचं. मग कंपनी त्या माणसालाच घेते. २०१० च्या सुरुवातीला गूगल आपले सर्व्हर जुन्या ईएक्सटी२ फाइल सिस्टीमवरून (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) ईएक्सटी४ वर नेत होतं, आणि त्याच जानेवारीत त्यांनी टेड त्सोला घेतलं, जो ईएक्सटी४ चा मेंटेनर. आपल्याकडे घर बांधताना गवंडी आधी ठरवतात आणि विटा मागून येतात, तसाच प्रकार.

हे सगळं सुरू कधी झालं?

आयबीएमने २००० च्या शेवटी जाहीर केलं की पुढच्या वर्षात लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करणार, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की हे प्रकरण हौशी पोरांपुरतं राहिलेलं नाही. ॲपलने २००१ मध्ये फ्री बीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचा एक संस्थापक जॉर्डन हबर्ड उचलला, २००२ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलातला डेव्ह हायट, आणि २००३ ला ॲपलचं ब्राउझर सफारी बाहेर आलं ते केडीई या लिनक्स डेस्कटॉपवाल्यांच्या केएचटीएमएल इंजिनावर उभं राहून. २००५ मध्ये क्रिस लॅटनर. त्याने एलएलव्हीएम (कंपायलर बांधायचं सामान) विद्यापीठात असताना लिहायला घेतलं होतं, ॲपलने माणूस घेतला, प्रोजेक्ट ओपनच राहिला, आणि पुढे त्याच माणसाने स्विफ्ट ही प्रोग्रामिंगची भाषा काढली.

गूगलचंही मोठं वर्ष २००५ च. पायथॉन भाषेचा जन्मदाता ग्विडो व्हॅन रॉसम, फायरफॉक्सचा बेन गुडगर, सबव्हर्जनवाले (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं टूल), एकामागून एक. गुडगर आधी गूगलचा पगार घेऊन फायरफॉक्सवरच काम करायचा. २००८ ला क्रोम आलं तेव्हा मोझिलावाल्यांना काय वाटलं असेल ते तूच बघ.

मायक्रोसॉफ्टची गंमत वेगळी. २००१ मध्ये त्यांचे साहेब बामर लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते. २००५ मध्ये जेन्टू लिनक्सचा जन्मदाता डॅनियल रॉबिन्स तिथे गेला आणि वर्ष व्हायच्या आत बाहेर पडला. आणि त्याच कंपनीने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गिटहब (ओपन सोर्सवाले आपला कोड ठेवतात ती साइट) घेतलं, २०२० ला ग्विडो रिटायरमेंट मोडून तिथे गेला, २०२२ ला सिस्टीमडी (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) वाला लेनार्ट पॉटरिंगपण तिथेच. काळ बदलतो बाबा.

मग लिनक्स हौसेखातर लिहिलं जातं हे खोटंच म्हणायचं?

बऱ्यापैकी. लिनक्स फाउंडेशनच्या रिपोर्टप्रमाणे २०१२ मध्ये पगार न घेता आलेले बदल साधारण १८ टक्के होते, २०१७ मध्ये ८ टक्क्यांच्या आसपास आले. लोक म्हणतात समाजसेवा संपली, मला तसं वाटत नाही. ज्याने हौसेने चार चांगले पॅच (कोडमधले बदल) टाकले त्याला पाचव्या पॅचच्या आत कुणीतरी नोकरी देतं, म्हणून तो बिनपगारीच्या रकान्यात राहतच नाही.

नोकरी लागल्यावर आपलाच प्रोजेक्ट करायला मिळतो का?

इथेच सगळे फसतात. एचआर सांगते "हो हो, ओपन सोर्सला आमचा खूप सपोर्ट आहे", आणि सहा महिन्यांनी तू कंपनीच्या बिलिंग डॅशबोर्डचे बग काढत बसलेला असतोस. ग्विडोसारख्या माणसालासुद्धा गूगलमध्ये पायथॉनसाठी अर्धाच वेळ होता, उरलेल्या वेळात कंपनीचं काम. आणि तो ग्विडो होता, आपण कोण. पूर्ण वेळ मिळतो तो फार थोड्यांना, म्हणजे रेडिस डेटाबेसचा साल्वातोरे सानफिलिप्पो, त्याला २०१० मध्ये व्हीएमवेअरने रेडिस लिहायलाच पगार दिला.

म्हणून इंटरव्ह्यूत सरळ विचारायचं: आठवड्यातले किती दिवस? माझं काम मोजणार कसं, अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रोजेक्टमध्ये, गेलेला पॅच अप्रेझलमध्ये धरता का? माझा मॅनेजर स्वतः कधी अपस्ट्रीममध्ये काम केलेला आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर पहिल्या दोनांची उत्तरं विसरून जा. आणि जे ठरेल ते मेलवर लिहून घे, तोंडी बोलणं चहाच्या कपाबरोबर धुतलं जातं.

माझा प्रोजेक्ट हजारो लोक वापरतात, मग डेटा स्ट्रक्चरचा रट्टा मारायची गरज काय?

आहे गरज. होमब्रू माहितीये ना, मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल. ते लिहिणारा मॅक्स हॉवेल २०१५ मध्ये गूगलच्या इंटरव्ह्यूत नापास झाला आणि त्याने चिडून ट्वीट टाकलं, मतितार्थ असा की तुमचे नव्वद टक्के इंजिनियर माझं सॉफ्टवेअर वापरतात पण मला फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही म्हणून मी नालायक. त्यावर तेव्हा जी भांडणं झाली ती अजून मिटली नाहीयेत. माझं मत विचारशील तर दोन्ही बाजू थोड्या बरोबर होत्या. पण तुला नोकरी पाहिजे ना, मग ट्री उलटं करायला शीक, चार रविवार जातील.

आणि डिग्रीचं काय हेही बरेच विचारतात. मिगेल दि इकाझा, ज्याने पुढे नोम हा लिनक्स डेस्कटॉप सुरू केला, तो १९९७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टला इंटरव्ह्यू देऊन आला होता, पण डिग्री नाही म्हणून व्हिसाच बसेना. आता रिमोट आहे, तरीपण परदेशी जायचं असेल तर डिग्री पूर्ण कर, इंजिनियरिंग सोडून देतो वगैरे मला मेल करू नका. तुमचे आईवडील मला शोधत येतील.

गिटहबवर हिरवे चौकोन (काम केलेल्या दिवसाला एक) भरून ठेवलेत, चालेल ना?

नाही. कृपा करून नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये काय झालं ते ऐक. हॅक्टोबरफेस्ट म्हणून एक उपक्रम असतो, तेव्हा चार पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) टाकल्या की टी-शर्ट मिळायचा. आपल्याकडच्या एका व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी टाकायची हे दाखवलं, आणि मग जगभरच्या प्रोजेक्टवर "रीडमी (प्रोजेक्टच्या माहितीची फाइल) सुधारला" अशा रिक्वेस्टचा पाऊस पडला, सुधारणा काय तर मथळ्यात "ॲमेझिंग प्रोजेक्ट" असे दोन शब्द वाढवलेले. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना तीन दिवसांत नियम बदलावे लागले, ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यानेच हात वर करायचा असं झालं. तो टी-शर्ट घालून एक मुलगा मला भेटला होता, मी काही बोललो नाही, पण मनात आलंच.

भरती करणारा माणूस चौकोन बघत नाही. तो तुझी एखादी रिक्वेस्ट उघडतो आणि खालचं बोलणं वाचतो. मेंटेनरने चूक दाखवल्यावर तू काय लिहिलंस, तोंड पाडून गायब झालास की दुसऱ्या दिवशी सुधारून आणलंस, हे सगळं तिथे कायमचं लिहिलेलं असतं. दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू केलेला दिसला तर मी तरी त्याला जास्त मार्क देतो.

सुरुवात कुठून करू? मला कर्नल-बिर्नल झेपणार नाही.

मलाही झेपत नव्हतं. माझी सुरुवात "दऱ्या" या शब्दावरून झाली. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आणि माझ्या कॉम्प्युटरवर एका प्रोग्राममध्ये दोन्ही सारखेच दिसायचे, म्हणजे सह्याद्रीतल्या सगळ्या दऱ्यांचा समुद्र झालेला. अर्ध्या र चं ते आडवं चिन्ह जाऊन त्या जागी डोक्यावर रफार. हिंदीवाल्याला हा बग दिसणारच नाही कारण त्याला तो लागतच नाही. मराठी ल आणि श सुद्धा हिंदीपेक्षा वेगळे काढतात, तेही बघणारं कुणीतरी मराठीच लागतं. मी बग टाकला, स्क्रीनशॉट लावले, समोरच्याला मराठीचा म कळत नव्हता, त्याला समजेल असं लिहायला मला दोन रात्री लागल्या. लोहित हे भारतीय भाषांचे फॉन्ट रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने सांभाळले आणि त्यातलं बरंच काम आपल्या पुण्यातल्याच ऑफिसातून झालेलं आहे, म्हणजे हे काम किरकोळ समजू नकोस.

पहिला कोडचा पॅच त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. बदल आठ ओळींचा. मेलने पाठवायचा होता, मी साध्या ब्राउझरमधल्या मेलमधून पाठवला, त्याने सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या आणि पॅच लागेचना. उत्तर आलं एका ओळीचं, "व्हाइटस्पेस बिघडलीय, परत पाठवा." मला वाटलं हाकलून दिलं. मग कळलं की हे प्रेमाने बोलणं होतं. चौथ्या खेपेला घेतला त्यांनी. आठ ओळी, चार खेपा, पाच आठवडे. आजपण तो कोड तिथे आहे, मधूनमधून जाऊन बघून येतो.

माझा मुलगा रात्रभर जागून परदेशी लोकांचं फुकट काम करतो. हे शोषण नाही का? (एका काकांचा प्रश्न)

काका, तुमची काळजी रास्त आहे, झोपेबद्दल तर शंभर टक्के. पण फुकटच करायला पाहिजे असं नाही. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, त्यात मानधन मिळतं, आणि आता विद्यार्थीच पाहिजे अशी अटही राहिली नाही, २०२२ पासून नवशिक्या कुणालाही चालतं. आउटरीची ही इंटर्नशिप आहे, ज्यांना या क्षेत्रात सहज जागा मिळत नाही त्यांच्यासाठी. आयआयटी मुंबईचा ओपन सोर्सवरचा फॉसी प्रकल्प आहे. त्याला विचारा यातलं कशाला अर्ज केलाय का. केला नसेल तर रागवा, केला असेल तर सकाळी उशिरा उठू द्या.

एवढं मात्र खरं की कंपन्या सगळ्यांना घेत नाहीत. त्यांना जे दिसतं त्यालाच घेतात. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भोक सापडलं तेव्हा कळलं की अर्ध्या जगाचे व्यवहार ज्या ओपन एसएसएलवर (इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर) चालतात त्याला वर्षाला देणग्या येत होत्या जेमतेम दोन हजार डॉलर. दोन हजार! मग सगळे मोठे पळत आले आणि वर्गणी काढली, आपल्याकडे पूल पडल्यावर जशी तपासणी होते तशी.

ऑफर लेटरमध्ये काय बघू?

पगार सोडून सगळं बघ. गंमत नाही. "नोकरीच्या काळात तुम्ही जे काही निर्माण कराल ते कंपनीचं" या अर्थाचं एक कलम बहुतेक सगळ्यांत असतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ मध्ये असंच आहे की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या कॉपीराइटचा पहिला मालक नोकरी देणाराच, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. नोकरीचा भाग म्हणजे काय यावर भांडण. करारातलं कलम त्याहून लांब हात मारतं, रविवारी आपल्या लॅपटॉपवर लिहिलेलंही ओढून घेतं. कॅलिफोर्नियात त्याला चाप लावणारं कलम आहे, लेबर कोड २८७०, स्वतःच्या वेळात स्वतःच्या साधनांवर केलेलं बहुतांशी तुझंच, पण कंपनीच्या धंद्याशी संबंध असेल तर नाही, आणि मोठ्या कंपनीचा धंदा कशाशी संबंधित नसतो सांग मला.

तर सही करायच्या आधी आपल्या चालू प्रोजेक्टची यादी जोडून घे, बऱ्याच करारांत त्यासाठी रिकामी जागा असते आणि पोरं तिथे "लागू नाही" लिहून मोकळी होतात. मी स्वतः लिहिलं होतं. पुढे ग्नू या जुन्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या एका प्रोजेक्टला कोड द्यायचा होता, त्यांच्यातले काही कॉपीराइट लिहून मागतात आणि नोकरी देणाऱ्याचं एक पानी ना-हरकत पत्र लागतं. ते एक पान आमच्या तेव्हाच्या कंपनीच्या लीगलमध्ये अकरा आठवडे फिरलं. वकील बाई चांगल्या होत्या, पण त्यांना कळेना की फुकट द्यायच्या गोष्टीसाठी कुणी परवानगी का मागतंय.

मोठ्या कंपनीत गेलं की माणूस विकला जातो, कम्युनिटी तोंडावर बोलत नाही पण मागे बोलते, खरं आहे का?

बोलतात, बोलू दे. दोन टोप्या असतात डोक्यावर, मेंटेनरची एक आणि नोकरीची एक, आणि कुठली कधी घातलीय ते तोंडाने सांगावं लागतं. जमत नसेल तर काय करायचं हे जेरेमी ॲलिसनने दाखवलं. तो सांबाचा (लिनक्स आणि विंडोजला एकमेकांच्या फाइली वापरू देणारं सॉफ्टवेअर), नोकरी नॉव्हेल कंपनीत. २००६ च्या नोव्हेंबरात नॉव्हेलने मायक्रोसॉफ्टशी पेटंटचा करार केला, त्याला तो जीपीएल या ओपन सोर्स लायसनच्या भावनेविरुद्ध वाटला, डिसेंबरात त्याने राजीनामा दिला. सांबातली त्याची जागा होती तिथेच राहिली, फक्त पगार गूगलकडून यायला लागला.

प्रोजेक्टही शहाणे झालेत. पायथॉनच्या स्टीअरिंग काउन्सिलमध्ये (प्रोजेक्टचे मोठे निर्णय घेणारं मंडळ) पाच जण असतात आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत, नियमच आहे. रेडिसचं उलट उदाहरण, तिथे २०२४ च्या मार्चमध्ये कंपनीने लायसन बदललं आणि काही दिवसांत दुसऱ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या जुन्या मेंटेनरांनी वाल्की नावाने वेगळी चूल मांडली, त्यात ॲमेझॉनची मॅडलिन ओल्सन पुढे होती. नोकरी तिकडे असल्यामुळेच ते बिनधास्त उठून जाऊ शकले, हे कुणी फारसं बोलत नाही.

आणि फायदा सगळ्यांना होतो कधीकधी. त्याच मार्चच्या शेवटी एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलमधला चोरदरवाजा पकडला तो आंद्रेस फ्रॉइंडने, माणूस मुळात पोस्टग्रेस डेटाबेसचा, पगार मायक्रोसॉफ्टचा. त्याला कुणी हे काम दिलं नव्हतं. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर शिरायचं टूल) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं, आणि तो खणत गेला. अर्धा सेकंद! आपण पेज लोड होईपर्यंत वडापाव खाऊन येतो.

ले-ऑफ झाला तर?

होतो. नावाजलेले असलात तरी होतो. २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२,००० लोक काढले त्यात कंपनीचं ओपन सोर्सचं खातं ज्याने वर्षानुवर्षं चालवलं तो क्रिस डिबोना होता. २०२५ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने पायथॉन वेगवान करणारी टीम जवळपास मोडली, ज्यांच्या कामाने पायथॉनची ३.११ आवृत्ती सरासरी पंचवीस टक्के फास्ट झालं होतं ती टीम. कंपनीच्या एक्सेल शीटमध्ये "जगाला उपयोग झाला" असा कॉलम नसतो.

पण बघ, लॅपटॉप परत घेतात, बॅज परत घेतात, मेंटेनर म्हणून असलेलं नाव त्यांना परत घेता येत नाही. म्हणून एक साधी गोष्ट पहिल्या दिवसापासून कर, कंपनीची हरकत नसेल तर कमिट (कोडमधल्या बदलाची नावानिशी नोंद) आपल्या खासगी ईमेलने कर. नाहीतर नोकरी गेल्यावर दहा वर्षांचं काम अशा पत्त्यावर पडून राहतं जिथे मेल टाकला की परत येतो.

पुण्या-मुंबईत अशा नोकऱ्या आहेत का?

आहेत, पण भरपूर नाहीत. पुण्यात रेड हॅटचं इंजिनियरिंग मोठं आहे (२०१९ पासून मालक आयबीएम, ३४ अब्ज डॉलर मोजलेत). मुंबईत फ्रॅपे, ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवाले, ते सगळं उघड्यावरच लिहितात त्यामुळे अर्ज करायच्या आधी त्यांचा कोड वाचायला मिळतो, ही सोय किती कंपन्या देतात? बाकी बरंचसं बेंगळुरू नाहीतर रिमोट.

पगार किती मिळतो?

माझा विचारू नका.

इंग्रजी कच्चं आहे, मेल लिहायची भीती वाटते.

छोटी वाक्यं. काय होतं, काय व्हायला पाहिजे, मी काय केलं. "रिस्पेक्टेड सर" लिहायचं नाही, तिथे कुणी सर नाही.

पॅच पाठवून तीन आठवडे झाले, कुणी बघतपण नाही. नाद सोडू का?

आधी बघ की योग्य माणसाला पाठवलास का, कर्नलमध्ये त्यासाठी स्क्रिप्टच आहे, ती सांगते कुणाकुणाला कॉपी करायचं. मग कॅलेंडर बघ. नवीन आवृत्ती आली की पुढचे दोन आठवडे मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीसाठी बदल आत घ्यायचा काळ) असते, तेव्हा मेंटेनरला जेवायला वेळ नसतो, त्यात तू पाठवलास तर तो खाली गेला असं समज. विंडो बंद झाली की त्याच मेलला एका ओळीचं उत्तर टाक, "यावर काही मत?" एवढंच. रडगाणं नाही, डेडलाइन नाही, कॉलेजच्या सबमिशनचा उल्लेख तर अजिबात नाही. त्यानंतर दोन आठवडे थांब आणि ताज्या कोडवर बसवून नव्याने पाठव. माझा एक गेल्या पावसाळ्यापासून पडलाय, कालच तिसऱ्यांदा पाठवलाय.